सरनाईकांचे पांढरे बूट

ज्यांच्यावर लिहावं अशी चांगली माणसं मला नोकरीत पुष्कळ भेटली. पण लिहायला बसले की ती सगळी अदबीने मागे सरकतात आणि पुढे येऊन उभे राहतात ते सरनाईक. एक पाय जिन्याच्या पायरीवर, हातात सुताचा बोळा, आणि बूट पुसणं चाललेलं. चाकणच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटी विभागात रुजू झाले त्या सकाळी ते मला असेच दिसले होते आणि पुढे कितीतरी वर्षं असेच दिसत राहिले. मशीन पुसायला ऑपरेटर लोकांना जो बोळा मिळतो, तो ते एखाद्याच्या हातातून काढून घेत, बूट लख्ख करत आणि काळा झालेला बोळा त्याच्याच हातात परत देत. वर म्हणत, "थँक्यू, बेटा." बेटा वयाने त्यांच्यापेक्षा मोठा असला तरी त्याने काही अडत नसे.

सरनाईक आमचे सेफ्टी ऑफिसर. कंपनीत मोटारींचे पत्र्याचे भाग बनतात, त्यामुळे पत्रा दाबणारी प्रेसची मशीनं, वेल्डिंगच्या ठिणग्या, तेलकट जमीन, असा सगळा मामला. कोणाला इजा होऊ नये हे बघणं ही त्यांची नोकरी. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं असलेल्या शेडमध्ये, चालायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पिवळ्या पट्ट्या आखलेल्या असतात. सरनाईकांचं पाऊल कधी त्या पट्ट्यांबाहेर पडत नसे. नवी होते तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे म्हणून. मग प्रेसवरच्या बनसोडेंनी एकदा हसत हसत सांगितलं की पट्टीच्या पलीकडे तेल असतं, बूट खराब होतात. कामगार तेलात उभे राहून काय सांगतायत ते सरनाईक पट्टीच्या अलीकडून ऐकत आणि मान हलवत. ऐकू आलं नाही तरी मान हलतच असे.

पण आवाज देवाने दिला होता. भरदार, जरा ओलसर, कीर्तनात शोभावा असा. सकाळच्या शिफ्टला गेटजवळ सगळे रांगेत उभे राहायचे आणि सरनाईक सुरक्षेची शपथ द्यायचे. उजवा हात वर करून ते एक एक वाक्य म्हणायचे आणि आम्ही मागून. शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं, छापील शपथेत नसलेलं. "विसरू नका, घरी कोणीतरी आपली वाट बघतंय." हे म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. पहिल्या दिवशी माझेही भरून आले होते. आई कासारवाडीच्या घरात एकटी होती आणि मला एकदम तिची आठवण झाली. डोळ्यांतल्या त्या पाण्याचा मला आजही राग येतो.

शपथ झाली की ते कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून, चौकशी करत शॉपकडे निघायचे. हात ठेवण्यातही एक खुबी होती. त्यांना सतत काहीतरी खायला लागायचं, खिशात खारे शेंगदाणे असायचेच, आणि कॅन्टीनमध्ये "बघू, काय आणलंय" म्हणत ते कोणाच्याही डब्यात बोटं घालायचे. मग ती बोटं त्याच माणसाच्या खांद्यावर यायची आणि चांगली दोन-तीनदा दाबून परत जायची. माझ्या निळ्या ओढणीवर पडलेला लोणच्याचा डाग अजून गेलेला नाही. तक्रार करायची तरी काय करणार? साहेबांनी आपुलकीने खांद्यावर हात ठेवला, ही काय तक्रार झाली?

गेटवर एक मोठा फलक होता, "अपघाताविना झालेले दिवस". त्यावरचा आकडा रोज सकाळी एकाने वाढायचा. अपघात झाला की तो शून्यावर यायला हवा. पण सरनाईक असेपर्यंत तो शून्यावर आलेला मी पाहिला नाही. "माझ्या राज्यात आकडा मागे जात नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. तो कसा जात नाही, ते मला बनसोडेंमुळे कळलं.

बनसोडे आमच्याकडचे जुने ऑपरेटर. वडीलही पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे मशीन म्हणजे त्यांच्या घरातलंच माणूस. चिखलीला राहायचे, बोलायला शांत. त्यांच्या प्रेसवर हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा सेन्सर बरेच दिवस बंद होता. त्यांनी ते सरनाईकांना सांगितलंही होतं, अर्थात पिवळ्या पट्टीच्या पलीकडून. एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. मी तिथे धावत गेले तेव्हा लोक त्यांना उचलत होते आणि सरनाईक पट्टीवर उभे राहून कोणाला तरी सांगत होते की आधी जमीन पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनसोडे कामावर हजर. मला वाटलं माझेच डोळे फिरले. कंपनीची गाडी त्यांना चिखलीहून घेऊन आली होती. हात गळ्यात बांधलेला, अंगात ताप, आणि सरनाईकांच्या केबिनमध्ये एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेले. काम काही नाही, नुसतं बसायचं. संध्याकाळी गाडी परत घरी सोडणार. त्याचं असं होतं की जखमी माणसाची हजेरी चुकली नाही तर तो अपघात फलकासाठी अपघात धरला जात नाही. माणूस हजर आहे ना, मग झालं. जखम भरेपर्यंत बनसोडे त्या खुर्चीवर बसून डुलक्या घेत होते आणि बाहेर आकडा रोज एकाने वाढत होता.

एकदा दुपारी सही घ्यायला मी केबिनमध्ये गेले. बनसोडेंना एका हाताने डबा उघडत नव्हता. सरनाईक खुर्ची सोडून उठले आणि त्यांनी स्वतः तो उघडून दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पोळीचा मोठा तुकडा मोडला, त्यात अंड्याची पोळी गुंडाळली, घास तोंडात घातला आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "वा, वहिनींच्या हाताला चव आहे." बनसोडे बघत राहिले. सरनाईकांनी आणखी एक घास घेतला, बोटं चाटली आणि बनसोडेंच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला. मी सही न घेताच बाहेर आले.

त्या वर्षी अपघात शून्य म्हणून आमच्या कारखान्याला वरच्या ऑफिसकडून बक्षीस मिळालं. काय, तर निवडक लोकांची दोन दिवसांची सहल, मावळातल्या एका रिसॉर्टवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी टॅन्डम पॅराग्लायडिंग. म्हणजे दोघांनी मिळून उडायचं. पायलट मागे, आपण पुढे, दोघंही एकाच छत्राला टांगलेले. निवडक लोकांत मी होते आणि बनसोडेही होते. ज्याच्यामुळे शून्य टिकलं तो सहलीला हवाच, असं सरनाईक सगळ्यांसमोर म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. बनसोडे आले, कारण नाही म्हटलं तर तेही लक्षात ठेवलं जातं.

सहलीसाठी सरनाईकांनी नवे पांढरे बूट घेतले होते. बसमध्ये ते पाय पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवून बसले होते, खाली जमिनीला लागू नयेत म्हणून. तळेगाव मागे पडलं, रस्त्याच्या कडेची गोदामं आणि ट्रकच्या रांगा संपल्या, डोंगर दिसायला लागले. मला उडायची मनापासून हौस होती. कंपनीत शेडच्या पत्र्याखाली दिवस काढणाऱ्या माणसाला असते तशी.

टेकडीच्या माथ्यावर वारा चांगला होता. आमचा पायलट सोपान, त्याच भागातल्या गावचा, तिशीच्या आतबाहेरचा, उन्हाने रापलेला. त्याने आम्हाला सगळ्यांना गोल उभं केलं आणि सूचना दिल्या. आरडाओरडा नाही, पण एकेक शब्द स्वच्छ. "पळा म्हनलं की पळायचं. जमीन सुटली तरी पळत ऱ्हायचं, मधीच बसायचं न्हाई. उतरताना मी 'उभं ऱ्हावा' म्हनलं की पाय खाली सोडायचं आन् परत पळायचं. तुमी पाय वर घेतलं तर दोघांचं वजन माझ्या एकट्याच्या पायावर येतं. तेवढं ध्यानात ठिवा."

सरनाईकांना कोणी चार माणसांसमोर बोलतंय हे सहन होत नाही. ते लगेच पुढे झाले. म्हणाले, असं सांगून लोकांच्या लक्षात राहत नसतं, त्याची एक पद्धत असते. आणि त्या टेकडीवर, आजूबाजूला दुसऱ्या गटांची माणसं बघत असताना, त्यांनी आम्हाला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. मी शपथ घेतो की मी पळेन. मी शपथ घेतो की मी बसणार नाही. मी शपथ घेतो की उभे राहा म्हटल्यावर मी पाय खाली सोडेन. आम्ही सगळे मागून म्हणत होतो. बनसोडेंचा दोन बोटं तोकडा झालेला हात माझ्या शेजारीच वर होता. सोपानला हसू आवरत नव्हतं, पण त्याला बरंही वाटलं असावं. तो म्हणाला, एवढं मनावर घेणारे साहेब आजवर बघितले नव्हते.

माझी पाळी आधी आली. सोपानने मला पुढे बांधलं, मागे स्वतःला बांधलं, छत्र वर घेतलं आणि पळा म्हणाला. मी पळाले. पाय हवेत आले तरी वेड्यासारखी पळत होते. मग त्याने सांगितलं की आता बसा, आणि मी बसले, आणि खाली डोकावले, तर टेकडी मागे राहिलेली. घाबरले नाही. उलट इतकं शांत वाटलं की रडू आलं. खाली धरणाचं पाणी, भात कापून झालेली खाचरं, त्यांत ठिपक्यांएवढी गुरं. सोपान मला अख्ख्या उड्डाणात दिसला नाही. दिसत होते ते फक्त त्याचे हात, माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्या ओढणारे आणि सोडणारे. उजव्या मनगटावर काळा दोरा होता. लेकीने बांधलाय, म्हणाला.

मी विचारलं की हे कधीपासून करताय. तो म्हणाला, घरचे मागे लागलेले, चाकणला कंपनीत लाग, गेटवर तरी लाग. "मी म्हनलं, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. दिसभर खुर्चीत बसून माझा जीव जाईल. ह्येच येतं मला, मॅडम, दुसरं काय येत न्हाई." मग माझ्या डाव्या बाजूचा हात खाली आला आणि आम्ही वळलो. उतरायच्या वेळी त्याने "उभं ऱ्हावा" म्हटलं ते मला अगदी कानाजवळ ऐकू आलं. मी पाय सोडले, पळाले आणि उभी राहिले. इतकं सोपं होतं.

सरनाईक सगळ्यांत शेवटी आले. कोणाला काय होतंय ते बघून मगच जायचं, ही त्यांची सेफ्टी. खाली खाचरात आम्ही वाट बघत होतो. नुकतीच गुरं बसून गेली होती, जागोजागी ओलं शेण पडलेलं. वरून सोपानचं छत्र खाली येताना दिसलं, पुढे सरनाईक, हातात कॅमेऱ्याची काठी धरलेली, हसरा चेहरा. मग त्यांना खालचं शेण दिसलं. हे मी अंदाजाने म्हणत नाही, त्यांची नजर कुठे गेली ते मी पाहिलं. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

सोपान ओरडत होता. "उभं ऱ्हावा साहेब, पाय खाली, पाय खाली." खाचरातल्या आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं. सरनाईकांनी गुडघे छातीशी घेतले आणि पांढरे बूट आणखी वर उचलले. दोघांचा भार सोपानच्या एका पायावर आला. आवाज झाला. वाळलेली फांदी मोडावी तसा. सोपान खाली आणि सरनाईक त्याच्यावर, गादीवर बसावं तसे.

पट्ट्या सोडवून सरनाईकांना उठवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बूट बघितले. एका बुटावर हिरवट शिंतोडा उडाला होता. सोपान खाचरात पडून दातांत हाताची मूठ धरून होता, त्याचा पाय नको तिकडे वळला होता. बनसोडे पळत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले, सोपानसाठी. वाटेत उभ्या असलेल्या सरनाईकांनी ती हातातून घेतली, एक घोट प्यायले आणि उरलेलं पाणी बुटावर ओतलं. मग आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "हा अपघात आपल्यात मोजायचा नाही. हा त्यांचा आहे."

मला त्या क्षणी सरनाईकांची जी किळस आली ती शब्दांत सांगता येत नाही. झुरळ अंगावर चढलं तर आपण झटकतो तरी. हा माणूस माझा वरिष्ठ होता आणि परतीच्या बसमध्ये मला त्याच्या मागच्या सीटवर बसायचं होतं.

बसमध्ये ते एकेकाच्या शेजारी जाऊन बसले. बोलणं सगळ्यांशी तेच. वारा फार होता, नाही का. वाऱ्यात सूचना ऐकू येत नाहीत, त्यात कोणाचा दोष नाही, पण पायलटने मोठ्याने सांगायला हवं होतं. सेफ्टी ऑफिसरच्या हातून अपघात झाला असं वरती गेलं तर कंपनीचं नाव जाईल, पुढची सहल विसरा. लोक मान हलवत होते. शेंगदाणे पुढे करत करत ते बनसोडेंपाशी आले. बनसोडेंनी शेंगदाणे घेतले नाहीत.

"साहेब," बनसोडे म्हणाले, "तुम्हीच तर शपथ दिली. हात वर करून म्हणलो आम्ही सगळे. पाय खाली सोडीन म्हणून."

सरनाईकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ती शपथ कंपनीत असते, बेटा. डोंगरावर नसते."

पुढच्या आठवड्यात उड्डाणं चालवणारा मालक स्वतः चाकणला आला. त्याला एवढंच ठरवायचं होतं की चूक कोणाची. पायलटची असेल तर सोपानला परत घ्यायचं नाही, नसेल तर पाय बरा होईपर्यंत त्याला सांभाळायचं आणि मग टेकडीवर काहीतरी काम द्यायचं. मीटिंगच्या खोलीत आम्हाला बसवलं. सरनाईक त्या भरदार आवाजात बोलले. त्या गरीब माणसाबद्दल आपल्या मनात राग नाही, असंही बोलले. बाकीच्यांनी वारा होता म्हणून सांगितलं. बनसोडे म्हणाले, सूचना दिली होती आणि साहेबांनी ती शपथ म्हणून आमच्याकडून वदवून घेतली होती. मी म्हणाले की उतरतानाचं ओरडणं मी स्वतः ऐकलं आणि साहेबांनी पाय का वर घेतले तेही पाहिलं. सरनाईकांनी माझ्याकडे बघून प्रेमाने हसून घेतलं, मुलं चुकतात तेव्हा मोठी माणसं हसतात तसं.

बाहेर पार्किंगमध्ये मालकाने मला गाठलं. तो वाईट माणूस वाटला नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "मॅडम, सोपान कसा आहे मला माहितीये. पण माझ्याकडे तुमच्यासारख्या कंपन्यांच्याच सहली येतात. त्यांच्या साहेबाला मी खोटं कसं पाडू?" आणि गाडीत बसून निघून गेला. सोपानचं उडणं तिथे संपलं.

सोपानला पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी आणि बनसोडे एका रविवारी गेलो. त्याआधीच सरनाईक येऊन गेले होते, शहाळी घेऊन, फोटोग्राफरसह. तो फोटो कंपनीच्या मासिकात आला, खाली "माणुसकीचा ओलावा" असं छापलेलं. फोटोत सरनाईकांचा हात सोपानच्या खांद्यावर होता. सोपानच्या पायात सळई घातली होती. चालता येईल, पळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने आमच्याजवळ कोणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त मला विचारलं, "मॅडम, तुमी ऐकलं व्हतं ना? मी उभं ऱ्हावा म्हनलेलं?"

"ऐकलं होतं," मी म्हटलं. "बनसोडेंनीपण ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं."

"मंग बास," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहिला. खाली आल्यावर बनसोडेंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून नळावर कितीतरी वेळ हात धुतले.

गोष्ट इथे संपली असती तर सरनाईक मला निदान साधे दुष्ट वाटले असते. पण त्यांना चांगलं दिसायचीही हौस. दोनेक महिन्यांनी सकाळच्या शपथेच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की त्या जखमी पायलटला आपण वाऱ्यावर सोडलेलं नाही, स्वतः शब्द टाकून आपल्याच गेटवर सिक्युरिटीत लावून घेतलंय. आणि त्यांनी हात केला. गेटजवळच्या खुर्चीवरून निळ्या गणवेशातला सोपान उठून उभा राहिला आणि त्याने सलाम केला. खुर्ची लाल प्लास्टिकची होती. तीच होती की तशीच दुसरी, मला माहीत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बनसोडेंनी वर केलेला हात खाली घेतला आणि ते रांगेतून निघून गेले.

सोपानच्या कामांत एक काम असं होतं की रोज सकाळी फलकावरचा आकडा बदलायचा. छोट्या शिडीची एकच पायरी चढून तो पाटी बदलायचा आणि लंगडत खाली उतरायचा. सरनाईक येताजाता त्याला हाक मारत, "काय पायलट, आहे ना मजेत?" तो म्हणायचा, "हाय साहेब." मग सरनाईक माझ्यासारख्या कोणाला तरी ऐकवत, बघा, माणसाला बसून पगार मिळतोय, आणखी काय पाहिजे. मी एकदा न राहवून म्हणाले की त्याला बसायचं नव्हतं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार वाचता.

सरनाईकांना बढती मिळाली, दुसऱ्या राज्यातल्या आमच्या मोठ्या कारखान्यात. निरोप समारंभ थाटात झाला. बक्षीस काय द्यायचं हे त्यांनी स्वतःच सुचवलं होतं, टेकडीवरच्या उड्डाणाचा फोटो मोठा करून, चौकटीत. कॅमेऱ्याच्या काठीने काढलेला. सरनाईक हवेत, एक हात पसरलेला, मागे निळं आभाळ. खाली सोनेरी अक्षरांत "झेप". फोटोतून सोपान कापून काढला होता. पण नीट कापता आला नव्हता. सरनाईकांच्या कानांच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्या धरलेले दोन हात तसेच राहिले होते. कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. सरनाईकांनी भाषण केलं, घरी कोणीतरी वाट बघतंय म्हणाले, डोळे पुसले. काही लोकही रडले. मी भिंतीला टेकून उभी होते.

ते निघाले तेव्हा मी गेटवर रिक्षाची वाट बघत होते. गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघायची, मग ती डायरेक्टरची का असेना, हा नियम सरनाईकांनीच केलेला. सोपानने गाडी थांबवली, मागे गेला आणि डिकी उघडली. आत बूट ठेवायच्या पिशवीवर तो फोटो पडला होता, वर तोंड करून. सोपान वाकून बघत राहिला. मग त्याने आपला उजवा हात, काळा दोरा बांधलेला, फोटोवरच्या हाताशेजारी धरला.

"काय रे, काही नडलं का?" सरनाईकांनी पुढून विचारलं.

"न्हाई साहेब. फोटूतलं हात बघत व्हतो," सोपान म्हणाला. "ह्ये हात माझं हायत."

सरनाईकांनी आरशात बघितलं. त्यांना राग आला नाही, लाजही वाटली नाही. मला त्यांचा चेहरा दिसत होता, त्यावर काहीच झालं नाही. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "त्या हातांनी काय अडतंय? लाव डिकी. आणि जपून राहा बेटा, घरी कोणीतरी वाट बघतंय." त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, बहुतेक खांद्यावर ठेवण्यासाठी, पण सोपान मागे होता, हात पोचला नाही. ते मी सरनाईकांना शेवटचं पाहिलं, खिडकीबाहेर लोंबणारा एक हात, शेंगदाण्याचं मीठ लागलेला.

सोपानने डिकी लावली, गेटचा दांडा वर केला आणि गाडी नाशिक रस्त्याला लागेपर्यंत तिकडे बघत उभा राहिला. त्याचा पाय दुखतोय हे दिसत होतं, सगळं वजन त्याने एकाच बाजूला घेतलं होतं. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, बस आता जरा.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला, "उभाच ऱ्हातो."